पुढचं चाक

"हे चाक आमच्या ट्रकला बसेल का, तेवढं बघा," वहिनी म्हणाल्या.

हातगाडीवर चिखलाने माखलेलं चाक होतं. मधलं मोठं भोक तेवढं त्यांनी पुसून आणलं होतं.

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. वहिनींचा एकुलता एक मुलगा उतारावरच्या वळणावर ट्रकसकट दरीत गेला, त्याला अजून महिनाही झाला नव्हता. चेपलेला ट्रक गॅरेजच्या कोपऱ्यात पडून होता, पुढचं एक चाक गायब. जो तो म्हणायचा, पोराचा डोळा लागला. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण वहिनींना मुलाच्या जाण्याइतकंच ते बोलणं खात होतं.

"ट्रक परत उभा करायचाय?"

"आधी चाक बघा."

"आहे कुठल्या गाडीचं?"

"दुसऱ्या ट्रकचं."

दुखावलेल्या माणसाला किती छेडायचं? मिस्त्रीने चाक खाली उतरवलं.

मिस्त्री तसा नावाजलेला. चाक बसवून झालं की बोल्टाच्या भोकाजवळ हिरव्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. तो दिसला की ड्रायव्हर बिनघोर गाडी काढत. घाईगर्दीत कधी जेवण राहून जाई, पण ठिपका राहत नसे.

बोटाने भोकांतला चिखल काढत त्याने ती ट्रकच्या बोल्टांशी लावून पाहिली. चोख जुळली. मग सावकाश मधलं मोठं भोक मापलं आणि मान हलवली.

"बसेल, पण टिकणार नाही, वहिनी. मधलं भोक ट्रकच्या मापापेक्षा मोठं आहे, फट राहते. सगळा भार बोल्टांवर येतो, नट ढिले पडत जातात, आणि एखाद्या उतारावर चाक निसटतं."

"नुसतं बघून कळत नाही?"

"छे. भोकं जुळली की भलाभला फसतो. मापावंच लागतं."

"आणि कुणी घाईत न मापताच बसवलं तर?"

"तर तो मिस्त्री नव्हे, खाटीक," तो म्हणाला. "तुमचं पोर गेलं, वहिनी. आणखी कुणाचं नको जायला."

वहिनींचे डोळे भरून आले. त्या चाकाजवळ आल्या.

"माझा मुलगा झोपला नव्हता," त्या म्हणाल्या. "हे चाक मला त्या वळणाच्या बरंच अलीकडे, झुडपात सापडलं."

त्यांनी बाकड्यावरचं फडकं घेतलं आणि चाकावरचा उरलेला चिखल पुसला. बोल्टाच्या भोकाजवळ हिरवा ठिपका होता.