गुरुवारचा जर्मन क्लास

“पोटात घ्यायचं की गुडघ्याला लावायचं, तेवढं वाचून सांग,” असं म्हणून शेजारच्या सुशीलाबाईंनी खोकं सृष्टीच्या हातात दिलं आणि कुणी बसा म्हणायची वाट न बघता त्या खुर्चीत बसल्या.

खोक्यावर सगळं जर्मनमध्ये होतं. त्यांच्या भाच्याने तिकडून येताना आणलं होतं. सृष्टीने ते उलटंसुलटं करून पाहिलं. तिची आई सुरुची कणकेच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सृष्टीला जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं.

सृष्टी सोळा वर्षांची होती. तिला मधुमेह होता, रोज इन्शुलिन टोचून घ्यावं लागणारा. पुढे लग्नाच्या वेळी अडचण नको म्हणून सुरुचीने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. दिवाळीत शेजारून ताट आलं की सृष्टीने सगळ्यांदेखत लाडू खायचा आणि मग बाथरूममध्ये जाऊन इंजेक्शन घ्यायचं, असा घरचा रिवाज होता. गेल्या उन्हाळ्यात ती इन्शुलिन चुकवायला लागली. मग मैत्रिणी नकोशा झाल्या, मग उठून बसणंही. शेवटी हॉस्पिटलात ठेवावं लागलं. सोसायटीत ‘मामाकडे गेली आहे’ असं सांगण्यात आलं. डॉक्टरांनी नैराश्य हा शब्द वापरला आणि दर गुरुवारी पाच वाजता मोबाईलवर व्हिडिओ कॉलने एका समुपदेशक मॅडमशी बोलायचं ठरवून दिलं. लोकांना सांगताना सुरुचीने त्याचा जर्मनचा क्लास केला. सदाशिव पेठेत जर्मन शिकणाऱ्या मुलीला कुणी कारण विचारत नाही.

एके काळी या इमारतीत एकच फोन होता, तो सुशीलाबाईंकडे. लोकांचे निकाल, बाळंतपणं, मयत, सगळं त्यांच्या बाहेरच्या खोलीत उभं राहून मोठमोठ्याने बोललं जाई. तेवढा वेळ सुशीलाबाई आत जाऊन कांदा चिरत बसत. आता माणशी एक फोन झाला होता आणि त्यामुळे कुणाचं कुणाला काही कळत नाही, असं सुरुचीचं मत होतं. तरी ती दर गुरुवारी सृष्टीला बजावायची, “हळू बोल. भिंतीपलीकडे काकू असतात.”

हळू बोलता बोलता सृष्टीचं बोलणं ‘हो’, ‘नाही’ आणि ‘ठीक’ एवढ्यावर आलं होतं. गेल्या गुरुवारी मॅडम म्हणाल्या होत्या, “तुला नको असेल तर आपण थांबू या. पुढच्या वेळी सांग.” सृष्टीने ‘थांबू या’ म्हणायचं ठरवलं होतं. पाच वाजतच आले होते. आज दुपारचं इन्शुलिनही तिने घेतलं नव्हतं.

“काकू, उद्या वाचून ठेवेल ती,” सुरुची म्हणाली. “आत्ता क्लास आहे तिचा.”

“गुडघा आज दुखतोय.”

“मी मोबाईलवर फोटो काढून बघते, आजी,” सृष्टी म्हणाली.

“फोटो कशाला? इतके महिने शिकतेस. की अजून नुसतं गुटेन मॉर्गनच चाललंय?”

सुशीलाबाईंनी सृष्टीच्या हातातून खोकं घेतलं, आतली ट्यूब काढली आणि झाकण उघडून वास घेतला.

“पोटातच घ्यायचं असणार. बडीशेपेसारखा वास आहे. सुरुची, एक चमचा आण गं.”

सुरुचीला दुसरं काही सुचलं नाही. तिने चमचा आणला. सुशीलाबाईंनी त्यावर पांढरंशुभ्र औषध पिळलं आणि चमचा तोंडाकडे नेला.

“आजी, नका घेऊ.” सृष्टीने त्यांचं मनगट धरलं. “मला जर्मन येत नाही. क्लास नाहीये तो. मला डायबेटिस आहे. लहानपणापासून आहे. आणि मला काही म्हणजे काही करावंसं वाटत नाही, म्हणून त्या मॅडम बोलतात माझ्याशी. डोस चुकला की काय होतं ते मला माहितीये, मी ॲडमिट होते. मामाकडे नव्हते. आजपण दुपारचं इन्शुलिन मी घेतलेलं नाही. कॉलेजच्या टॉयलेटमध्ये लपून टोचायचा मला कंटाळा आलाय. टोचायचा नाही, लपायचा.”

सुरुची भिंतीला टेकली. सुशीलाबाईंनी चमचा खाली ठेवला.

आतल्या खोलीत मोबाईल वाजला. सृष्टीने मनगट सोडलं. आईकडे न बघता तिने कपाटातून इन्शुलिनचं पेन घेतलं, आत गेली आणि फोन उचलला. दार लोटायचं ती विसरली. तिचा आवाज बाहेर येत राहिला. वाक्यं लांब होती. हळू मुळीच नव्हती.

सुशीलाबाईंनी चमच्यातलं औषध बोटावर घेतलं, नेसलेलं पातळ वर सरकवलं आणि गुडघ्याला चोळायला सुरुवात केली.

सुरुची बघत राहिली. “म्हणजे हे लावायचं आहे, हे तुम्हाला माहीत होतं?”

“भाच्याने देतानाच सांगितलंय.”

“मग हे सगळं कशाला केलंत, काकू?”

“भिंतीतून सगळं ऐकू येतं, सुरुची. त्या बाई दर गुरुवारी इतक्या गोडीने विचारतात आणि ही हो-नाहीच्या पुढे जात नाही. म्हटलं, स्वतःच्या जिवासाठी बोलत नाही, तर माझ्या जिवासाठी बोलते का बघावं.”