कानावर पडेपर्यंत

फोन तांदळाच्या डब्यात वाजला तेव्हा शेवंती मोदकाच्या पाऱ्या करत होती. तिचा हात थांबला. तिची मुलगी तन्वी डब्याकडे धावली.

"हात लाव नको गो," दारातून भाई म्हणाले.

भाई म्हणजे शेवंतीचे थोरले दीर. नवरा गेल्यापासून घरात शब्द त्यांचाच. फोन वाजून वाजून थांबला.

या घरात गणपती असेपर्यंत बाहेरून आलेला निरोप ऐकत नाहीत. गावात कुणालाही विचारा, ही रीत शिवाजी महाराजांच्या वेळची म्हणून ठोकून देतील. खरी गोष्ट एकाहत्तर सालची. लढाई तोंडावर आली होती, भाईंचे काका नौदलात होते, आणि ऐन चतुर्थीला दारात तार आली. भाईंच्या वडिलांनी ती न फोडता गणपतीच्या पाटाखाली सरकवली. पाच दिवस आरत्या केल्या, विसर्जन केलं, मग तार फोडली आणि मग रडले. भावाचं सुतक त्यांनी देवाला लागू दिलं नाही म्हणून गावाने वाहवा केली. पुढच्या वर्षी घरात साधं पोस्टकार्डही कुणी वाचेना. फोन आले तसे फोन डब्यात जाऊ लागले. भीतीचा कुळाचार व्हायला पन्नास वर्षं पुष्कळ झाली.

यंदा भीती पुन्हा आली होती. शेवंतीचा मुलगा धनेश मालवाहू बोटीवर खलाशी. आखातात दोन देश एकमेकांच्या उरावर बसले होते, आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं. हरतालिकेच्या दिवशी टीव्हीवर धनेशची बोट दिसली. धूर, बंदूकवाले, मग बातमी: तीन खलाशी ठार, नावं कळलेली नाहीत. कंपनीच्या हापिसातही कुणाला काही ठाऊक नव्हतं. भाईंनी टीव्हीची वायर काढली आणि घरातले सगळे फोन डब्यात टाकले.

शेवंतीला त्यांनी पडवीत बसवून शांतपणे समजावलं होतं. "सुतक कानार पडल्यार लागता. कानार पडूक नाय, तोपर्यंत गणपती घरात आसा. आणि तुझो झील जितो आसा."

गणपतीचं काय ते भाई बघून घेतील. शेवंतीने मुलगा जिवंत असल्याचं त्यांचं शेवटचं वाक्य तेवढं पदरात बांधलं.

फोन रोज वाजत राहिला. वाजायचा तो फक्त शेवंतीचाच, जुना बटणांचा. पडद्यावर परदेशातला लांबलचक नंबर. तन्वी आईच्या मागे लागली, हातापाया पडली. दादा जखमी असेल, कुठल्या इस्पितळात असेल, एकदा उचलूया. शेवंतीने तिला जवळ घेतलं.

"परको माणूस इतक्या चिकाटीन फोन करता, तो वायट सांगाकच."

फोन बंद मात्र तिने केला नाही. वाजतो आहे तोवर सांगायचं शिल्लक आहे, आणि शिल्लक आहे तोवर मुलगा आहे, असा तिचा हिशोब. आईच्या हिशोबाला कोण नावं ठेवणार?

तीन दिवस ती सगळ्यांत पुढे राबली. भजनी मंडळींना काळ्या वाटाण्याची उसळ वाढली, गणपतीवर टांगलेल्या माटवीखाली बसून दुर्वा निवडल्या. बायका आपसात म्हणाल्या, काळीज दगडाचं आहे. काळजाचं पाणी झालं होतं ते कुणाला दिसलं नाही.

चौथ्या दिवशी सगळे बाहेरच्या खोलीत आरतीला असताना फोन पुन्हा वाजला. थांबला. लगेच वाजला. पुन्हा थांबला, पुन्हा वाजला. असा तो पूर्वी कधी वाजला नव्हता. शेवंतीला वाटलं, आता हे लोक पोलीस पाटलाला कळवतील, तो दारात येऊन उभा राहील आणि एक दिवस आधीच सगळं संपेल.

तिने डबा उघडला. फोन कानाला लावला.

मोडक्या हिंदीत एक जाड आवाज म्हणाला, "धनेश. आपका बेटा?"

पुढचं वाक्य तिला ऐकायचं नव्हतं. जीव एकवटून ती म्हणाली, "इधर कोई धनेश नहीं. हमारा कोई नहीं. गलत नंबर." आणि फोन तोडला.

त्यानंतर तो वाजला नाही. संध्याकाळपर्यंत नाही, रात्रीही नाही. तिची खात्री पटली की युक्ती लागू पडली. मुलाला तिने एक दिवस जास्त मिळवून दिला होता. त्या रात्री ती तन्वीचे हात धरून फुगडी घालायला उतरली. बायका बघतच राहिल्या.

पाचव्या दिवशी व्हाळाच्या पाण्यात गणपती गेला. पाटावर मूठभर वाळू घेऊन भाई परतले, ती देवघरात ठेवली आणि स्वतः डबा उघडून फोन शेवंतीच्या हातात दिला. म्हणाले, आता जे असेल ते ऐकू. तासाभराने फोन वाजला. नंबर इथलाच होता.

"काकी, मी सत्यवान. दोडामार्गचो. धनेशच्या बोटीर कुक होतंय. आताच मुंबैक उतारलंय."

शेवंती भिंतीला टेकून बसली. पाच दिवस अडवून धरलेला प्रश्न तिने विचारला. "त्या तिघांत तो होतो मा रे?"

"नाय, काकी. त्या तिघांत नाय. आमका धरून ठेवलेल्या बंदूकवाल्यांनी तेका काल संध्याकाळी मारल्यानी. आमचे कागद जळान गेलेले, आणि आमच्यात शत्रूचो हेर आसा असो तेंका संशय. घराक फोन लावीत आणि एकच विचारीत, ह्यो तुमचो काय? घरच्यांनी होय म्हटलां काय सोडीत. माका पयल्याच दिवशी सोडल्यानी, पण धनेशाक एकट्याक टाकून माका जावक जमला नाय. तेका तुमचोच नंबर पाठ होतो. चार दिस ते तोच लावीत रवले. काल तुम्ही उचललास तेवा फोन स्पीकरार होतो, काकी. ती माजीच आई, असा तो तेंका शेवटपर्यंत सांगी होतो."