पंचाचा चहा

कुंदन सरांनी माईकवर नाव घेतलं आणि मखमलाबादच्या समाजमंदिरात टाळ्यांचा कडकडाट झाला. "लंडनच्या आंतरराष्ट्रीय लवादात पंच म्हणून बसणारी आपल्या गावची पहिली लेक, अ‍ॅडव्होकेट भाग्यश्रीताई!"

भाग्यश्री उठून उभी राहिली. समोर पहिल्या रांगेत तिचे वडील सहादूअण्णा इस्त्रीची टोपी घालून, हातात चहाचा कप घेऊन बसले होते. झेंडू आणि निशिगंधाच्या पाट्या गणेशवाडीच्या फूलबाजारात नेण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. आज त्यांच्या मुलीचा फोटो फ्लेक्सवर होता, तोही आमदारांच्या फोटोपेक्षा मोठा. अण्णांची छाती फुगली होती आणि ती लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नव्हता. का करावा?

"शाल आणि श्रीफळ देतील," कुंदन सर पुढे म्हणाले, "ज्यांच्याकडून आजचा मांडव, फ्लेक्स आणि चहापान आहे, ते आपले द्राक्ष निर्यातदार मोतीरामशेठ."

भाग्यश्रीचं हसू तिथल्या तिथे थांबलं. कार्यक्रम गावकऱ्यांतर्फे आहे, एवढंच तिला सांगितलं होतं.

मोतीरामशेठची द्राक्षं गेल्या वर्षी हॉलंडला पोचेपर्यंत सडली होती. दोष इथल्या पॅकिंगचा की तिथल्या शीतगृहाचा, यावर शेठ आणि तिथला व्यापारी भांडत होते. करारात लिहिल्याप्रमाणे भांडण लंडनला तीन पंचांपुढे जायचं होतं. एक पंच शेठनी निवडायचा, एक हॉलंडवाल्यानं, आणि तिसरा त्या दोन पंचांनी मिळून. शेठच्या वकिलांनी भाग्यश्रीचं नाव सुचवलं. अकरा वर्षं मोठ्या वकिलांच्या फायली वाहिल्यावर तिला मिळालेलं हे पहिलं पंचपद.

शेठ शाल उलगडून पुढे आले. भाग्यश्री एक पाऊल मागे सरली.

"काका, ही शाल मला घेता येणार नाही."

शेठना वाटलं, पोरगी लाजतेय. "घे गं. मीच तर निवडलंय तुला."

"निवडलंय तुम्ही, पण मी तुमची नाही. तिथे बसले की तुम्ही आणि तो हॉलंडवाला मला सारखेच."

माईक चालू होता, त्यामुळे हे शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. तिथून कुणीतरी म्हणालं, "लंडनला जायच्या आधीच हवा डोक्यात गेली." दोनचार जण हसले. शेठ शाल दोन्ही हातांत पसरून उभेच होते, दोरीवर धुणं घालायला निघाल्यासारखे.

"गावाचा मान हाय हा," ते जरा कडक आवाजात म्हणाले.

"गावाचा मान मी डोक्यावर घेते, काका. शाल तुमची आहे. मांडवही तुमचाच आहे, हे मला आत्ता कळलं. आता हे सगळं लंडनला आणि समोरच्या पक्षाला लिहून कळवावं लागेल."

"कळवलं तर काय होईल?"

"त्यांना शंका आली तर ते म्हणतील, ही पंच नको."

"मंग कळवू नको ना. इथं कोण बघतंय?"

भाग्यश्रीनं अण्णांकडे पाहिलं. तिच्याबरोबर सगळ्या समाजमंदिरानं अण्णांकडे पाहिलं.

फूलबाजारात दोन व्यापाऱ्यांचं बिनसलं की निवाड्याला सहादूअण्णांना बोलावत. निवाडा होईपर्यंत अण्णा त्या दोघांच्याही गाळ्यावर पाणीसुद्धा पीत नसत. बाजारात यावरून त्यांची यथेच्छ चेष्टा चाले, आणि भांडण झालं की चेष्टा करणारेच त्यांना शोधत येत.

अण्णा उठले आणि कप हातात तसाच धरून व्यासपीठावर चढले. शेठना हायसं वाटलं. "अण्णा, तुम्हीच सांगा हिला चार शब्द."

"शेठ, शालीची घडी घाला," अण्णा म्हणाले. मग मुलीकडे वळले. "कागद हाय का तुझ्याकडं?"

तिनं पर्समधून डायरी काढली.

"इथंच लिही. घरी गेल्यावर माणूस मऊ पडतो."

भाग्यश्री टेबलाशी बसली आणि लिहू लागली. तारीख, कार्यक्रम, मांडव, फ्लेक्स, शाल. कुंदन सरांना माईक बंद करायचं आता सुचलं. शेठनी शालीची घडी घातली, ती वाकडी झाली, म्हणून पुन्हा उलगडून घातली.

"अण्णा, हे वाचून ते मला काढतील बहुतेक," ती हळूच म्हणाली.

"काढू दे." अण्णांची मान ताठ होती. सत्कार, फोटो, टाळ्या या सगळ्यांनी मिळून वाटला नसता एवढा अभिमान भाग्यश्रीला त्या क्षणी आपल्या बापाचा वाटला. तिनं मान खाली घालून पुढची ओळ पुरी केली आणि सही करायला पेन टेकवलं.

"थांब," अण्णा म्हणाले.

त्यांनी हातातल्या कपात पाहिलं आणि तो तिच्या डायरीशेजारी ठेवला.

"यातला अर्धा मी प्यालोय. तोबी लिही."