मोतीरामसाठी साक्ष

खड्डा तयार होता. काठावर मोतीरामची पेटी होती. पाळकसाहेब मात्र मोबाईलवरचं बायबल उघडायला तयार नव्हते.

चिखलीच्या या लहानशा कबरस्तानात माती देण्याआधी मयताच्या विश्वासाची साक्ष घरच्यांनी द्यायची, असा तिथल्या मंडळीचा रिवाज. एरवी दोन वाक्यांचं काम. पण मोतीराम दर रविवारी उपासना सुटली की दारातच सांगायचा, येशू देव नव्हता, आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस होता. मोठमोठ्या धर्मसभांनी हा वाद कैक शतकांपूर्वी मिटवला होता. मोतीरामला तेवढं कोणी कळवलं नव्हतं.

"देवपण नाकारणाऱ्याला इथं जागा देता येत नाही, बाई," पाळकसाहेब मोतीरामच्या बायकोला, चांगुणाला म्हणाले. "शेवटी तरी त्यानं प्रभूला देव म्हटलं का?"

चांगुणानं शेजारच्या कबरीकडे पाहिलं. तिथं त्यांची मुलगी राखी होती. ती गेली तेव्हा मोतीराम म्हणाला होता, ज्याले मरण माहीत नाही त्याच्यापाशी काय रडाचं? मरताना त्यानं एवढंच मागितलं, मले पोरीजवळ ठेवा.

"शेवटी पाणी मांगलं जी त्यायनं," ती म्हणाली.

"वधस्तंभावर येशूलेही तहान लागली होती," पंच उत्तमराव मदतीला धावले.

"तहान देहाला लागली. देवत्वाला नाही."

"मंग मेलं कोन?" उत्तमरावांच्या तोंडून निसटलं.

पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की उत्तमराव चटकन चांगुणाकडे वळले. "वयनी, हो म्हना ना. नाही तं नाल्यापलीकडे न्या लागीन त्याले. एकट्याले."

चांगुणानं पदर डोक्यावर ओढला.

"हाव. देव हाय म्हणले. माह्यासमोर."

"आमेन!" म्हणत पाळकसाहेबांनी बायबल उघडलं. अखेरच्या घटकेला वाट सापडलेला बंधू, असं ते मोतीरामबद्दल बोलले. मोतीरामनं पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं नाही.

पेटी खाली गेली. चांगुणा मूठभर माती घेऊन काठाशी वाकली.

"खोटं बोलली जी मी," ती हळूच म्हणाली. "येशू घेईल समजून. माणूस होता ना तो."