उदासी मोजायची पट्टी

कुलदीप आईचं सामान बांधत होता, तेवढ्यात चिखलीहून डिंपल आली. ती मानसोपचाराचं शिकत होती. उदासी मोजायची पट्टी, म्हणजे काही ठरावीक प्रश्न, तिच्या कॉलेजनं नव्यानं वऱ्हाडीत केले होते. ते प्रश्न खरंच काही मोजतात का, हे ती गावोगाव तपासत होती.

"एक आजारी लागते, एक ठणठणीत," ती म्हणाली. "दोघांतला फरक दाखवला तं पट्टी खरी."

"मग घरातच आहेत की दोघं," कुलदीप म्हणाला. बाबा गेल्यापासून आई खंगली, असं त्याचं ठाम मत. तिला पुण्याला न्यायला तो आला होता आणि ती हटून बसली होती. "आई, यात तू उदास निघाली तं मुकाट्यानं चालाचं."

"हाव," कोकिळाबाई म्हणाल्या. हे घर सोडणं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं.

डिंपलनं आधी त्यांना विचारलं, "जुनं आठवून रडू येते का?"

"येते की." कोकिळाबाईंचे डोळे भरलेच. "याचे बाबा वावरात हुरडा भाजत. हात पोळला तरी पहिली मूठ याच्याच हाती. मी तिळाची चटणी वाटली का हा चाटूनपुसून खाये. काय दिवस होते वं." पदरानं डोळे पुसत त्या हसल्या आणि बाबांची हुरड्याच्या पायी झालेली भांडणं सांगत बसल्या. डिंपलला मधे तोंड उघडायला मिळेना.

पाहिलंस ना, अशा नजरेनं कुलदीपनं डिंपलकडे पाहिलं.

मग त्याची पाळी. झोप? "लागते." जेवण? "होते. चव नाही राह्यली पहिल्यासारखी, पण वय झालं आता," तिशीतला कुलदीप म्हणाला. हुरडा आठवते का? "आठवते. त्याचं काही वाटत नाही आता." फोन बंद काऊन? "सुट्टीवर आहे ना."

डिंपलनं उत्तरं पुन्हा एकदा वाचली. "पट्टी खरी निघाली, काकू. फरक साफ दिसून राह्यला. उपचाराले उशीर नका करू."

कुलदीप उठला. "ठरलं होतं ना, आई? चाल मग."

कोकिळाबाईंनी त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं.

"बस, बापू. डिंपलले मीच बोलावलं, तुह्यासाठी."