आगाऊ आभार

कोर्टाच्या ओसरीवर मतदान चालू होते. कारकुनाच्या टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब येऊन थांबला होता, आणि मेजापुढे टोपी छातीशी धरून उभा असलेला अब्सलम पेटिट अजून गप्पच होता.

“मत कोणाला?” शेरीफने पुन्हा विचारले.

त्या काळी व्हर्जिनियात मत सगळ्यांसमक्ष, मोठ्याने सांगायचे. ज्याचे नाव येईल त्याने खुर्चीतून उठून, लवून आभार मानायचे. मेजामागे दोन खुर्च्या होत्या. एकीत कर्नल हार्विन. त्याचा थोरला भाऊ हिवाळ्यात वारला, त्याची विधानसभेतली जागा रिकामी झाली, आणि ही पोटनिवडणूक म्हणजे कर्नलला घरच्याच वारसाहक्काचा उपचार वाटत होती. दुसरीत, त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला, चाके घडवणारा सायलस मॅरो.

अब्सलम कसत होता ती जमीन कर्नलची. भाडेपट्टा अब्सलमच्या हयातीपुरता. “आज नीट बोललास की पट्ट्यावर पोराचंही नाव चढवतो,” सकाळी कर्नल म्हणाला होता, स्वतःच्या हाताने रमचा पेला पुढे करत.

“काय रे अब्सलम,” अंगणातून कोणीतरी ओरडले, “रमबरोबर जीभही गिळलीस का?”

हशा पिकला. त्या हशातच कर्नल उठला. सकाळपासून उठून-लवून त्याच्या पाठीला आता सवयच जडली होती. “आभारी आहे, अब्सलम,” तो म्हणाला आणि लवला. टाक कागदाकडे वळला.

अब्सलमच्या आत काहीतरी अडले, नांगराचा फाळ खडकाला लागावा तसे. जे अजून त्याच्या ओठांवरही आले नव्हते, ते दुसऱ्याने खिशात घातले होते.

“थांबा,” तो कारकुनाला म्हणाला. “मी अजून बोललेलो नाही.”

टाक थबकला.

“सायलस मॅरो.”

मॅरो बसूनच राहिला.

“ऊठ की लेका, तुझंच नाव घेतलंय,” मागून कोणीतरी म्हणाले. तो धडपडत उठला. आणि नुसताच लवला.

कर्नल अजून उभाच होता. “पट्ट्यावर तुझं एकट्याचं नाव आहे,” तो हलकेच म्हणाला. “तुझ्यामागे पोराचं काय, याचा विचार केलायस?”

अब्सलमने त्याच्याकडे पाहिले. मग त्याच्यासमोरच टोपी डोक्यावर चढवली, दोन्ही हातांनी, नीट बसवून. पायऱ्या उतरला, अंगणात मतदारांसाठी ठेवलेल्या रमच्या पिंपाला वळसा घातला आणि मक्याच्या शेतांकडे जाणाऱ्या वाटेला लागला.

ओसरीवर कर्नल उत्तराची वाट पाहत उभा राहिला. त्याच्यामागे त्याची खुर्ची, रिकामी.