भाचीचं उष्टावण

"दादा, पहिला घास मामाचा. तू भरवल्याबिगर पंगत बसायची नाही," शैलाने भावाला बजावलं.

कुस्तीची मैदानं मारलेले हिंदुराव मांडीवरच्या सहा महिन्यांच्या भाचीपुढे घामाघूम झाले होते. खिरीचा चमचा जवळ आला, की ती ओठ घट्ट मिटून घेई. मागे पाहुणे भुकेने चुळबुळत होते. काऊचा घास झाला, चिऊचा झाला. शेवटी "माझे आई, लाज राख," अशी विनवणीही झाली.

तिने चमच्याला फटका मारला. खीर उडून थेट मामांच्या झुपकेदार मिशीवर बसली. पोर पुढे झुकली, मिशी धरून चाटली आणि मिटक्या मारू लागली.

"खाल्लं गं! वाढा पानं!" शैला ओरडली.

पाहुणे पंगतीकडे धावले. हिंदुरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मिशीचं दुसरं टोक हळूच वाटीत बुडवलं.